भूर

लहान मूल असलेल्या घरात शनिवारी रात्री जेवणं उरकली की एक प्रश्न हमखास निघतो. "उद्या मनूला कुठे न्यायचं?"

खरं तर मनूला कुठेच न्यायची गरज नसते. ती साडेतीन वर्षांची आहे. खाली पार्किंगमध्ये एक काका पाइपने गाड्या धुतात, ते बघण्यात तिचा अख्खा रविवार सुखात जाऊ शकतो. जायचं असतं ते बाकीच्यांना. माझ्या नवऱ्याला त्याचं लहानपण मुंबईत जिथे जिथे सांडलंय त्या सगळ्या जागा पुन्हा बघायच्या असतात. सासूबाईंना, एवढं मुंबईला जातोच आहोत तर महालक्ष्मीचं दर्शन करून यायचं असतं. आणि मला एक वेळचा स्वयंपाक नको असतो. पण मनूला पुढे केलं की हे तिन्ही हेतू एकदम निःस्वार्थी दिसू लागतात. "तिच्यासाठी म्हणून जायचं, आपलं काय!" असं सासूबाई म्हणतात आणि चांगल्यातली साडी काढून ठेवतात.

आम्ही डोंबिवलीचे. डोंबिवलीचा माणूस आठवडाभर ऑफिसला जातो आणि रविवारी त्याच गाडीने, त्याच दिशेने मुंबईला जातो. निघायची वेळ आठची ठरते. आठ म्हणजे साडेदहा हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त तसं कुणी बोलून दाखवत नाही. मधले अडीच तास पिशवी भरण्यात जातात. पूर्वी लोक एवढ्या सामानात काशीला जाऊन येत. कपड्यांचे दोन जोड, तिसरा "असू दे" म्हणून, टोपी, ओले रुमाल, कोरडे रुमाल, मऊ भाताचा डबा, तो ती खाणार नाही म्हणून गूळपोळीचा लाडू, तोही ती खाणार नाही म्हणून राजगिऱ्याची चिक्की, आणि एक तीन पायांचा प्लास्टिकचा डायनोसॉर, ज्याच्याशिवाय ती उंबरा ओलांडत नाही. सासूबाईंची पिशवी वेगळी. त्यात दशम्या, लसणाची चटणी, ओवा आणि एक ठराव असतो: बाहेरचं काही खायचं नाही.

बाबागाडीबद्दल मला सविस्तर बोलायचं आहे. बाबागाडी ज्या शहरांसाठी बनवतात त्या शहरांत फूटपाथ असतो. आपल्याकडे फूटपाथ हा सलग नसून अधूनमधून असतो. चार फरशा धड, पाचवी उखडलेली, मग केबलवाल्यांनी खणलेला आणि तात्पुरता बुजवलेला खड्डा, मग स्कूटरी चढू नयेत म्हणून रोवलेले खांब, ज्यांच्यामधून स्कूटर आरामात जाते आणि बाबागाडी अडकते. पुढे वडापावची गाडी, तिच्यामागे बाकडं, बाकड्यावर पेपर वाचणारे गृहस्थ. ते पाय आखडून घेतात, पण नजर पेपरातून काढत नाहीत. मग रेल्वेचा पूल. चढताना पुढचं चाक मी धरायचं, मागचं नवऱ्याने, पिशव्या सासूबाईंनी, आणि बाबागाडीची मालकीण माझ्या कडेवर. एकूण हिशेब असा की बाबागाडीत पिशव्या बसतात आणि मूल कडेवर बसतं.

त्यातून ती मिटायची. आमच्या बाबागाडीची घडी घालायला एक लाल बटण हाताने दाबायचं, त्याच वेळी खालची पट्टी पायाने उचलायची आणि दांडा पुढे ढकलायचा. घरी, बैठकीच्या खोलीत, हे नवऱ्याला एका झटक्यात जमतं. फलाटावर गाडी शिरताना मात्र ती मिटत नाही. कुणीतरी सज्जन पुढे येतात, "वहिनी, द्या इकडे" म्हणतात आणि तिला चारही बाजूंनी हलवून बघतात. दुसरे सज्जन पट्टी सापडल्याचं जाहीर करतात. ती पट्टी नसते, ब्रेक असतो. तिसरे म्हणतात, "आमच्या साडूकडे हीच आहे," आणि नुसते उभे राहतात. शेवटी मनू वाकून लाल बटण दाबते, बाबागाडी कडकन मिटते, एका सज्जनांचं बोट आत सापडतं. गाडी गेलेली असते.

तसं रविवारी गाडी गेल्याचं फार वाईट वाटून घ्यायचं नसतं, कारण रविवारी मेगाब्लॉक असतो. रूळ, सिग्नल, वरच्या तारा यांची कामं रविवारी काढतात, कारण रविवारी गर्दी कमी असते. कामं काढली की गाड्या कमी होतात आणि गाड्या कमी झाल्या की आहे तीच गर्दी दुप्पट वाटते. ब्लॉक माटुंगा ते मुलुंड असला की जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवतात. अशा वेळी घड्याळाकडे बघून सुस्कारे टाकणारे सगळे प्रौढ असतात. मनूला जितकी स्टेशनं जास्त तितकी मजा जास्त. पाच वर्षांखालच्या मुलाला लोकलचं तिकीट लागत नाही, त्यामुळे गाडीतली सगळ्यात आनंदी प्रवासी तीच असते आणि फुकटही तीच. घोषणा तिला मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्हींत पाठ आहेत. घरी आंघोळीला नेतानाही "पुढील स्टेशन बाथरूम" असं तीन भाषांत सांगितल्याशिवाय ती हलत नाही. लेडीज डब्यात तिला खिडकी मिळते, ठाण्यापर्यंत दोन क्लिपा आणि एक चमचमतं रबरबँड खरेदी होतं, आणि शेजारच्या अनोळखी मावशी तिला कडधान्य घालत चला असं मला बजावून उतरतात. नवरा तिकडे जेंट्समध्ये बाबागाडी धरून उभा असतो. रविवारच्या डब्यात बाबागाडी घेऊन चढलेल्या माणसाकडे लोक ज्या नजरेने बघतात ती सहन करायला खास बापच लागतो.

भायखळ्याला उतरलं की राणीची बाग. कागदोपत्री ती कधीच वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झाली आहे, पण टॅक्सीवाल्यापासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांना राणीची बाग म्हटल्याशिवाय ती सापडत नाही. सासूबाईंचा बागेवर एक जुना राग आहे. 2017 पर्यंत मोठ्या माणसाला तिकीट 5 रुपये होतं, ते 50 झालं. "पाच रुपयांत सगळी बाग बघायचो आम्ही, आणि तेव्हा हत्तीवर बसवायचे," असं त्या खिडकीतल्या माणसाला सांगतात. तो मान डोलावतो. दिवसातून किती आज्यांना तो मान डोलावत असेल!

तिकीट वाढलं ते पेंग्विन आल्यावर. 2016 साली ते दक्षिण कोरियातल्या सोलहून आले आणि पुढच्या वर्षी लोकांना दिसू लागले. एवढ्याशा पक्ष्यावर या शहरात जेवढं राजकारण झालं तेवढं वाघावरही झालं नसेल. हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, म्हणजे बर्फातले नव्हेत, तरी भायखळ्याचा मे महिना त्यांच्याही आवाक्याबाहेरचा. म्हणून त्यांना सोळा-अठरा अंशांत ठेवतात. ते काचेपलीकडे. काचेअलीकडेही बऱ्यापैकी गारवा असतो आणि मुंबईकराने तो बरोबर हेरला आहे. उन्हाळ्यात तिथे पेंग्विन बघून झालेली माणसं पुन्हा पेंग्विन बघू लागतात. सासूबाई तर एका पेंग्विनाशी डोळ्याला डोळा भिडवून इतका वेळ उभ्या राहिल्या की मागच्या बाईंनी विचारलं, "ओळखीचा आहे का?"

मनूने पेंग्विन बघितले. "कावळा," ती म्हणाली.

"कावळा नाही गं, पेंग्विन! बघ, पोहतोय!"

"कावळा पोहतोय."

पुढे वाघ. वाघ झोपला होता. वाघाने बहुतेक वेळ झोपूनच काढायचा असतो, पण हे रविवारी दुपारी चारशे माणसांना पटत नाही. काचेवर बोटं आपटू नका असं लिहिलेलं असतं, ते काचेवर बोट ठेवून मोठ्याने वाचून दाखवणारे काका प्रत्येक पिंजऱ्यापाशी असतात. नवऱ्याने मनूला खांद्यावर घेतलं, "तो बघ, पिवळा पिवळा, पट्टे पट्टे," असं दहा मिनिटं दाखवलं. मनू भलतीकडेच बघत होती. बाकाखाली एक मांजर आपल्या पिलांना चाटत बसलं होतं. "माऊ!" अशी तिने आरोळी ठोकली आणि आसपासची आठ-दहा मुलं वाघाकडे पाठ करून बाकाखाली शिरली. त्यांचे आईबाप त्यांना ओढून पुन्हा वाघाकडे तोंड करून उभे करू लागले. पैसे वाघाचे भरले होते ना.

या बागेत दगडाचे आणि धातूचे प्राणी खरे गुणी आहेत, ते दिसतात तरी. शेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, 1872 सालचं. त्याच्या आवारात दगडी हत्ती उभा आहे, तो घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. 1864 साली इंग्रजांनी हा हत्ती विलायतेला न्यायला काढला, उचलता उचलता तो पडून फुटला आणि मुंबईतच राहिला. हे सगळं नवरा मनूला सांगतो. ती ऐकते, कारण हत्ती जागचा हलत नाही आणि त्याच्या पायापाशी मुंग्यांची रांग असते.

मग नवऱ्याचा आवडता काळा घोडा. फोर्टातल्या ज्या चौकाला काळा घोडा म्हणतात तिथला मूळ घोडा 1965 साली तिथून काढून इकडे आणला. घोड्यावर सातवा एडवर्ड बसला आहे, तेव्हा तो युवराज होता. चौकात घोडा नाही पण नाव राहिलं, म्हणून 2017 साली तिथे नवा घोडा बसवला, मात्र त्यावर स्वार नाही. यावर नवरा वीस मिनिटं बोलू शकतो. मनूने पुतळ्याकडे बराच वेळ मान वर करून बघितलं.

"बाबा, ते काका खाली कधी उतरतात?"

"उतरत नाहीत राणी. राजा आहे तो."

"मग शू लागली तर?"

इतिहासाच्या माणसांनी हा प्रश्न आजवर का विचारला नाही कोण जाणे. पण मी लगेच ओळखलं, हा प्रश्न एडवर्डाचा नव्हता.

मूल झालं की मुंबईचा नकाशाच बदलतो. पूर्वी मला दादर म्हणजे फुलं आणि साड्या, गिरगाव म्हणजे मिसळ. आता दादर म्हणजे कुठल्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर सोय आहे, आणि गिरगाव म्हणजे तो हॉटेलवाला, जो कडेवरचं मूल बघून काही न विचारता मागच्या दाराकडे बोट दाखवतो. देव त्याचं भलं करो. कुठला पेट्रोल पंप किल्ली देतो, कुठे सुटे पैसे लागतात, कुठे आत जाताना श्वास धरायचा, ही माहिती आया एकमेकींना लग्नातसुद्धा पुरवतात. तरीही उपयोग शून्य. "आत्ता जाऊन घे." "नाही आली." "बघ हं." "नाऽऽही आली." गाडीने घाटकोपर सोडलं, ठाण्याला अजून अवकाश आहे, दारात माणसं आहेत, आणि मनू तीन भाषांत जाहीर करते की पुढील स्टेशन शू.

वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रातही जाऊन होतं. तिथे बटण दाबा आणि ऊर्जा बघा अशी यंत्रं आहेत. मनू सगळी बटणं दाबते, ऊर्जा नवरा बघतो.

त्याची खरी पंढरी म्हणजे म्हातारीचा बूट. मलबार हिलवर हँगिंग गार्डन, म्हणजे फिरोजशहा मेहता उद्यान, आणि रस्ता ओलांडला की कमला नेहरू पार्क, तिथे तो बूट. हँगिंग गार्डनमध्ये लोंबकळणारं काही नाही. खाली पाण्याचा मोठा जलाशय आहे आणि त्याच्या छपरावर बाग केली आहे, आपण झुडपांचे प्राणी बघत हिंडतो तेव्हा पायाखाली दक्षिण मुंबईचं पाणी असतं. बूट मूळचा एका इंग्रजी बडबडगीतातला, पण ते गीत न ऐकलेल्या मराठी पोरांच्या पिढ्याच्या पिढ्या त्यात चढून खिडकीतून हात हलवून गेल्या आहेत. तुमच्याही घरी तो फोटो असेल. खिडकीत तेल लावून भांग पाडलेला मुलगा, खाली बेलबॉटममधले वडील, गॉगल लावलेली आई.

आमच्या घरी आहेच. नवऱ्याला तोच फोटो, त्याच खिडकीत, मनूला बसवून काढायचा होता. त्यासाठी त्याने मूळ फोटोचा फोटो मोबाइलमध्ये आणला होता आणि कोन जुळवत खाली उकिडवा बसला होता. सासूबाईंना, त्या तेव्हा जिथे उभ्या राहिल्या होत्या तिथेच उभं राहायचं होतं. "आई, जरा डावीकडे. पिशवी दिसतेय. गॉगल आणलाय का?" वर खिडकीत मी मनूला धरून बसले होते, डोकं खाली घालून, कारण मूळ फोटोत मी नाही. मागे जिन्यावर इतर सात कुटुंबं आपापले जुने फोटो काढायला थांबली होती.

"हा कुणाचा बूट?" मनूने विचारलं.

"म्हातारीचा," मी खालून म्हणाले.

मनू खिडकीतून बाहेर वाकली आणि सबंध पार्कला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आज्जी, तुझा बूट केवढा मोठाय!"

फोटो आला आहे. त्यात मनू हसते आहे, नवरा हलला आहे आणि सासूबाईंचा चेहरा मूळ फोटोशी अजिबात जुळत नाही. उतरताना त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "इथून महालक्ष्मी जवळच ना रे?"

लहानपण शोधत निघालेल्या तरण्याताठ्या बापांची ही अवस्था डबल डेकरमध्येही बघायला मिळते. जुन्या लाल डबल डेकर सप्टेंबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेल्या, आता आहेत त्या विजेवरच्या आणि वातानुकूलित. वरच्या मजल्यावरची अगदी पुढची जागा लहान मुलांसाठी असते असा एक समज आहे. प्रत्यक्षात तिथे चाळिशीतले बाप बसलेले असतात, मांडीवर पुराव्यादाखल एकेक मूल घेऊन. मूल खालच्या मजल्यावर जाऊन कंडक्टरकाकांच्या मशिनमधून तिकीट कसं बाहेर येतं ते बघायला रडत असतं.

मॉलमधल्या खेळघरांविषयी मी फार लिहीत नाही. तिथे तासावर पैसे, मोजे सक्तीचे, आणि घरून नेलेले मोजे चालत नाहीत. आमच्या कपाटात आता रबरी ठिपक्यांच्या मोज्यांचा एवढा साठा आहे की मनू शाळेत जाईपर्यंत पुरेल, पाय वाढला नाही तर.

संध्याकाळी चौपाटी. इथे सासूबाईंचा सकाळचा ठराव पडतो. सुरुवात "मनूसाठी एक भेळ, बिनतिखट" अशी होते. ती मनू खात नाही. मग ती वाया जाऊ नये म्हणून एक पाणीपुरी, तोंड पोळलं म्हणून एक गोळा, गोळा एकटीने काय खायचा म्हणून सगळ्यांना गोळे. कालाखट्टाने जांभळ्या झालेल्या जिभा काढून सगळे एकमेकांना दाखवतात. आणि मनू? ती पाणी आणि वाळू यांच्या सीमेवर बूड टेकून बसते, तीन पायांच्या डायनोसॉरला मऊ भात भरवते आणि मध्येच एक घास वाळूचा स्वतः खाते. दशम्या तशाच्या तशा घरी परत येतात आणि सोमवारी माझ्या डब्यात जातात.

महालक्ष्मीचं म्हणाल तर तेही होतंच. सासूबाईंनी युक्ती काढली. "मनूला देवळामागचा समुद्र दाखवायचाय," असं त्या म्हणाल्या, आणि मनूचं नाव निघाल्यावर या घरात कुणाची नाही म्हणायची टाप आहे! समुद्र तिने चौपाटीला बघितला होता हे मी बोलले नाही. मलाही अजून संध्याकाळचा स्वयंपाक टाळायचा होता.

परतीच्या गाडीत मनू दादरच्या आत झोपते. घरी पोचल्यावर, आपण सगळे कोसळलो की ती उठते आणि रात्री अकरा वाजता ठोकळ्यांचं घर बांधायला घेते. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय काय बघितलंस गं मुंबईला?" आम्ही तिघं कान टवकारून उभे. पेंग्विन म्हणते, बूट म्हणते, की समुद्र?

"एका काकांचं बोट गाडीत अडकलं," मनू म्हणाली. "ते खूप नाचले."

तेव्हा लहान मूल घेऊन मुंबईत निघणार असाल तर एका दिवशी एकच ठिकाण गाठा, बाबागाडी घरी ठेवा, आणि शू नाही आली असं मूल म्हणालं तरी न्या. राणीच्या बागेत जाणार असाल तर बुधवार सोडून जा, बुधवारी बाग बंद असते. आणि बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग त्या दिवशी उघडी ठेवतात आणि गुरुवारी बंद ठेवतात.